चार पाय अधांतरी

धाकट्या मास्तरांची गाडी थोरल्या मास्तरांच्या भिंतीतून गेली तेव्हा सकाळचे सव्वादहा वाजले होते आणि गाडीचा हॉर्न वाजत होता. भिंत पडली याचं गल्लीत कुणाला नवल वाटलं नाही. अकरा वर्षं त्या भिंतीकडे दोन्ही बाजूंनी अशा नजरेनं बघितलं जात होतं की ती उभी कशी राहिली याचंच नवल. पण हॉर्न वाजवत पाडली, हे मात्र लोकांना फार लागलं.

"पाडायची ती पाडली," थोरल्या मास्तरांची बायको म्हणाली, "वर वाजतगाजत."

दोघे सख्खे भाऊ, दोघेही टेलर. एकाच बापाकडे, एकाच पायमशीनवर शिकलेले. थोरले कोट शिवत, धाकटे पडदे. थोरल्यांचा कोट चढवला की लबाड माणूससुद्धा निदान पाठमोरा तरी प्रामाणिक दिसे. धाकट्यांची टीप इतकी सरळ, की सुतार आपली पट्टी तपासायला त्यांचा पडदा मागून नेत. हे धाकटे स्वतःच सांगत, म्हणजे निम्मं तरी खरं असणार.

बाप गेल्यावर वाटणी झाली. दुकान आणि बापाची मशीन थोरल्यांकडे, मागची खोली आणि अंगण धाकट्यांकडे. मधे भिंत घातली थोरल्यांनी. धाकट्यांनी टेप लावली तर भिंत वीतभर, म्हणजे नेमकी नऊ इंच, त्यांच्या हद्दीत. तीनदा मोजली. थोरले एवढंच म्हणाले, "तुझी टेप ताणलेली आहे." टेलरला याहून वाईट शिवी नाही. त्या दिवसापासून बोलणं बंद. काही सांगायचंच झालं तर तिसऱ्या माणसाकरवी, बहुतेक वेळा दोन्ही घरांची डागडुजी करणाऱ्या गवंड्याकरवी. गवंडी नसला तर अंगणातल्या मांजराला उद्देशून.

भिंत पडल्यावर थोरल्यांनी गल्लीभर सांगितलं, "मुद्दाम पाडली. चुकून येणारा माणूस हॉर्न वाजवतो होय?" या प्रश्नाला गल्लीकडे उत्तर नव्हतं. धाकट्यांकडे होतं, पण ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं.

धाकटे मास्तर आठ दिवसांनी कंपनीच्या वर्कशॉपला गेले. तिथल्या बाकावर त्याच मॉडेलचे आणखी दोन मालक बसलेले. एक शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी हमरस्त्यावर वेग धरून ठेवायचं बटण ऐंशीवर लावलं, तर गाडीनं आधी ऐंशी धरले आणि मग आपल्या मनानं एकशे दहा केले. बटण बंद केलं तरी सोडेना. "शेवटी गिअर काढला आणि कडेला घेतली," बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं पोरं आवरली, पण असला उद्धटपणा बघितला नाही." दुसरे दातांचे डॉक्टर. त्यांची गाडी पार्किंगमधून जागच्या जागी उसळून समोरच्या फुलांच्या दुकानात शिरलेली. तिघांनाही कंपनीनं एकच उत्तर दिलं होतं: अशी तक्रार फक्त तुमचीच आहे.

एखाद्याला वाटेल, आता तिघांनी एकी केली असेल. कसली एकी. बाईंना आत बोलावलं तसे डॉक्टर झुकून म्हणाले, "माझ्या गाडीत दोष आहेच. पण या बाईंचा पाय चुकला असणार." डॉक्टर आत गेले तशा बाई म्हणाल्या, "दिवसभर लोकांच्या तोंडात बघणारा माणूस. स्वतःच्या पायाकडे लक्ष कधी देणार?" धाकटे मास्तर दोघांनाही हो म्हणाले. मनात म्हणाले, चुकले असतील तुमचे. माझा नाही.

तपासनीस तरणा, काटकुळा, खिशाला तीन पेनं लावलेला. कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवून म्हणाला, "काका, हे बघा."

"मी तुमचा काका नाही."

"बरं, आजोबा. भिंतीला लागायच्या आधीचे हे चार सेकंद. रेसचं पेडल शंभर टक्के दाबलेलं. ब्रेक शून्य."

"तुमचं यंत्र खोटं बोलतंय. मी ब्रेकवर उभा होतो."

"यंत्राला खोटं बोलून काय मिळणार?"

"तुम्हाला काय मिळतं?"

तपासनिसानं एक पेन काढून परत खिशाला लावलं. "ब्रेकवर उभे असता तर इथं दिसलं असतं. म्हणजे ब्रेक समजून तुम्ही रेसवर उभे होतात. साठीनंतर होतं असं. गुरुवारी येऊन जागा बघतो आणि कागद पूर्ण करतो." कागदावर एकच ओळ लिहायची राहिली होती, ती त्यानं बोटानं दाखवली. कारण. आणि तिथं काय लिहिणार तेही सांगून टाकलं: चालकाचा पाय चुकला.

ती ओळ लायसनच्या ऑफिसात गेली की एकोणसत्तराव्या वर्षी लायसन गेलंच समजायचं. पडद्यांचा धंदा म्हणजे लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजायच्या, टपावर बारा फुटी दांड्या बांधून न्यायच्या, चढवून यायचं. गाडी नाही तर खिडक्या नाहीत. आणि थोरल्यांनी वास काढलाच होता. गवंड्याकरवी निरोप आला होता: "त्यांना सांग, आमच्याकडे काज-बटणाला माणूस हवाय. बसून काम. पाय चालवायला नको."

तो निरोप ऐकून धाकट्यांनी त्या रात्री जेवणात मीठ आहे की नाही हेही सांगितलं नाही.

आता खरी गोष्ट. ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. पायमशीन कधीकधी हातची जाते. दोरा गुंततो, कापड ओढलं जातं, सुई बोटावर येते. अशा वेळी शिकलेला टेलर विचार करत बसत नाही. दोन्ही पाय वर उचलतो आणि उजव्या हाताचा तळवा मशीनच्या चाकावर दाबतो. मशीन टाकाभरही पुढे जात नाही. बापानं हे दोघांच्या घोट्यांवर लाकडी पट्टी मारून शिकवलं होतं: पाय वर, हात चाकावर. साठ वर्षं झाली, पण घोट्यांना अजून पाठ होतं.

त्या सकाळी गाडी बोंबलत सुटली तेव्हा धाकट्यांनी तेच केलं. दोन्ही पाय पोटाशी, तळवा स्टिअरिंगच्या मधोमध. मशीन असती तर थांबली असती. गाडीनं हॉर्न वाजवला आणि भिंत घेतली.

म्हणजे रेसबाबत यंत्र खोटं बोलत होतं आणि ब्रेकबाबत मास्तर. यंत्राचं खोटं उघडं पाडायचं तर आधी स्वतःचं पाडायला हवं. "रेसवर माझा पाय नव्हता, कारण माझे दोन्ही पाय हवेत होते," असं सांगणाऱ्याचं लायसन कुणी हातात ठेवलं असतं?

गुरुवार उजाडला. कंपनीनं नवा बंपर लावून गाडी परत केली होती, सोबत चिठ्ठी: तपासली, दोष नाही. गवंड्यानं भिंत कंबरेपर्यंत परत आणली होती, पलीकडे रेतीचा ढीग. थोरले मास्तर ओल्या सिमेंटमध्ये घोट्यापर्यंत उभे राहून थर तपासत होते. त्यांचा गवंड्यावर विश्वास नव्हता, सिमेंटवर तर मुळीच नव्हता.

तपासनीस आला. कॉम्प्युटरची वायर गाडीला जोडून त्यानं अंगणात गाडी तीनदा पुढेमागे केली. गाडी अशी वागली, की पाहुण्यांसमोर आगाऊ पोरही इतकं शहाण्यासारखं वागत नाही.

थोरले सिमेंटमधूनच हसले. "गवंडी, साहेबांना सांग, त्या गाडीत काही नाही. खोट चालवणाऱ्यात आहे. हवं तर मी चालवून दाखवतो. माझा पाय अजून माझं ऐकतो."

तपासनिसाचा चेहरा उजळला. ज्याची भिंत पडली तोच गाडीला चांगलं म्हणणार, याहून मोठा साक्षीदार कुठला? "या काका, बसा."

"गवंडी, त्यांना सांग," धाकटे म्हणाले, "बसायचं तर बूट पुसून बसा."

थोरल्यांनी खाली बघितलं. बुटांना बोटभर सिमेंट होतं. त्यांनी ते बूट अकरा वर्षांची सगळी आस्था ओतून गाडीत ठेवले आणि पायपुसण्यावर एकदा नीट घासलेही, आतल्या पायपुसण्यावर.

धाकटे शेजारच्या सीटवर जाऊन बसले. थोरल्यांच्या हाती त्यांनी सुई दिली नसती, गाडी कशी एकटी देतील? तपासनीस मागे, मांडीवर कॉम्प्युटर, दोन्ही सीटच्या मधून ताणलेली वायर. अंगणातून बाहेर पडायला आधी भिंतीकडे जाऊन मग फाटकाकडे वळावं लागे, त्यामुळे गाडीचं नाक भिंतीकडेच होतं.

"साहेब, त्यांना विचारा," थोरले म्हणाले, "बघायला डोळे उघडे आहेत ना."

"साहेब, त्यांना सांगा, समोर बघा."

थोरल्यांनी ब्रेक दाबून गाडी चालू केली, गिअर टाकला, ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी क्षणभर जागेवरच थांबली, काहीतरी आठवत असल्यासारखी. मग तिला आठवलं.

इंजिन किंचाळलं. पुढचं धाकट्यांनी अगदी स्वच्छ बघितलं, कारण त्यांना ते आधीपासून पाठ होतं. थोरल्यांचे दोन्ही पाय एकदम वर आले, गुडघे स्टिअरिंगला लागले आणि उजवा तळवा मधोमध बसला. हॉर्न वाजला. गाडी कंबरभर भिंतीतून आरपार गेली, रेतीच्या ढिगावर चढली आणि नाक वर करून तशीच भुंकत राहिली. धाकट्यांनी हात घालून किल्ली फिरवली, तेव्हा कुठं हॉर्नवरचा तळवा उचलला गेला.

गवंडी थापी हातात घेऊन कडेला उभा होता. तो म्हणाला, "मास्तर, काल सांगितलं असतं तर बांधलीच नसती."

तपासनीस पुढच्या आणि मागच्या सीटमधल्या खाचेतून वर आला. त्यानं भीतीनं डोळे मिटले होते, हे त्यानं कबूल केलं नाही. पण डोळे उघडल्यावर आधी कॉम्प्युटर बघितला आणि त्याचा आवाज परत जागेवर आला. "रेस शंभर टक्के. ब्रेक शून्य. काका, तुमचाही पाय चुकला."

"मी ब्रेकवर उभा होतो," थोरले म्हणाले.

आपलंच खोटं दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं ही चीज धाकट्यांनी पहिल्यांदाच चाखली. थोरल्यांचा चेहरा उसवलेल्या अस्तरासारखा लोंबत होता. अकरा वर्षं याच चेहऱ्याची वाट बघितली होती. तपासनीस म्हणत होता की दोन कागद करावे लागतील, दोघा भावांचं वय झालंय, असं घराण्यातही असतं. धाकट्यांनी मिनिटभर ते सगळं मनसोक्त ऐकलं. घाई केली नाही. मग ध्यानात आलं, की थोरल्यांचा कागद निघाला तर त्यामागोमाग आपलाही निघणार. मग दोघांनी एकमेकांची काज-बटणं लावत बसायचं.

त्यांनी खाली बघितलं. ब्रेकच्या पेडलवर सिमेंटचा जाडजूड ठसा होता, बुटाच्या नक्षीसकट. शेजारचं रेसचं पेडल काळंभोर, कोरं. त्यावर सिमेंटचा कणसुद्धा नव्हता.

"साहेब," धाकटे म्हणाले, "जरा खाली वाका."

तपासनीस वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"चार सेकंद पूर्ण दाबलं म्हणता ना? असल्या बुटानं? मग सिमेंट कुठाय?"

तपासनिसानं फोटो काढले. एक, दोन, पाच. पण हार मानायची त्यालाही सवय नव्हती. "समजा रेसवर पाय नव्हता. मग ब्रेक का नाही दाबला? हे म्हणतात ब्रेकवर उभा होतो. यंत्र म्हणतं नव्हते, आणि वाजला तो हॉर्न. एक खोटं बोलणाऱ्यानं गाडी थांबल्यावर पेडलही पुसलं असेल. तुम्हीही त्यावेळी हेच म्हणाला होतात, अगदी याच शब्दांत."

आता आली ना पंचाईत. धाकट्यांनी रुमाल काढून मान पुसली.

"त्यांचे पाय वर होते. दोन्ही. हात स्टिअरिंगवर. म्हणून हॉर्न."

"साहेब, त्यांना सांगा, खोटं आहे," थोरले खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"माझेही तसेच होते," धाकटे म्हणाले. "त्या दिवशी. ब्रेकवर उभा होतो ते मी खोटं सांगितलं."

बाहेर गवंड्यानं थापी खाली ठेवली. थोरल्यांनी मान वळवली नाही, पण त्यांचा एक हात हळूच घोट्याकडे गेला आणि घोटा चोळून परत आला.

"असं कोण करतं?" तपासनिसानं विचारलं.

"आम्ही."

"सिद्ध कसं करणार?"

थोरले मास्तर उतरले. पडक्या भिंतीवरून आपल्या दुकानाकडे गेले, दार उघडलं आणि उघडंच ठेवलं. यापेक्षा जास्त आमंत्रण त्यांच्याकडून निघणं शक्य नव्हतं.

दुकानात दोन पायमशिनी होत्या. एक थोरल्यांची, अर्धा कोट लागलेली. दुसरी बापाची, स्वच्छ कापडाखाली झाकलेली. थोरले आपल्या मशीनवर बसले. उरली ती एकच. धाकट्यांनी कापड बाजूला केलं, बसले, पाय ठेवला. लोणी कापावं तशी मशीन फिरली. कुणीतरी दर आठवड्याला तेल घालत असल्याशिवाय मशीन अशी फिरत नाही.

"साहेब, त्यांना सांगा," धाकटे म्हणाले, "तेल जास्त झालंय."

"साहेब, त्यांना सांगा, अकरा वर्षांत कुणी तेल घालायला आलं नाही."

"आम्ही शिवतो," धाकटे तपासनिसाला म्हणाले. "तुमच्या मनात येईल तेव्हा आम्हाला दचकवा. आधी सांगू नका."

तपासनीस लबाड होता. तो स्टुलावर बसून राहिला, पाच मिनिटं, सात मिनिटं. एवढ्या वेळात दोघे त्याला विसरले. थोरल्यांनी वेग वाढवला, तो ऐकून धाकट्यांनी वाढवला, तो सोसला नाही म्हणून थोरल्यांनी पुन्हा वाढवला. दोघांच्या माना पुढे, दोघांच्या कपाळावर एकच आठी, आणि मशिनींचा असा गडगडाट, की कपाटातले कोट हलायला लागले. तेवढ्यात तपासनिसानं मोठी कात्री उचलली आणि पत्र्याच्या डब्यावर आपटली.

चार पाय एकदम हवेत गेले. दोन तळवे दोन चाकांवर बसले. दोन्ही मशिनी एकाच टाक्यावर थांबल्या.

तपासनिसानं बघितलं, आणि विश्वास बसेना म्हणून बाहेर जाऊन गवंड्याला बोलावून आणलं. दुसऱ्यांदा डबा गवंड्यानं वाजवला. तिसऱ्यांदा तपासनीस नुसताच जोरात शिंकला, आणि ती शिंक खरी होती. तिन्ही वेळा चार पाय हवेत.

"बंद करा आता," थोरले म्हणाले. "कोट बिघडतोय."

तपासनिसानं दोन्ही कागद तिथंच, कापायच्या टेबलावर पूर्ण केले. कारणाच्या ओळीत लिहिलं: पाय रेसवर नसताना गाडीनं पूर्ण रेस घेतली. ब्रेकच्या रकान्यात काय लिहावं हे त्याला सुचेना. शेवटी त्यानं लिहिलं, दोन्ही चालकांचे पाय सवयीनं वर होते, आणि पुढं कंसात, सवय समक्ष पाहिली.

महिन्याभरात कंपनीनं पेडलमागचा एक बोटाएवढा भाग बदलून दिला. धाकट्यांना बदलून दिला, मुख्याध्यापिकांना दिला, डॉक्टरांनाही दिला. बाई वर्कशॉपात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "बघा, माझी तक्रार खरी होती. डॉक्टरांचा मात्र पायच चुकला होता हं."

लायसन शाबूत राहिलं. भिंत तिसऱ्यांदा उभी राहू लागली. गवंड्यानं दोरी कुठं लावायची विचारलं तर थोरले म्हणाले, जुन्याच जागी. छातीएवढी झाल्यावर धाकट्यांनी टेप लावली. सव्वानऊ इंच. त्यांनी टेप गुंडाळून खिशात टाकली आणि हा पाव इंच पुढच्या अकरा वर्षांसाठी नीट जपून ठेवला.

भिंत डोक्याच्या वर गेली त्या सकाळी एका मोठ्या घराच्या चौदा खिडक्या मोजायच्या होत्या. धाकट्यांनी टपावर दांड्या बांधल्या, गाडीत बसले, ब्रेक दाबला, किल्ली फिरवली. समोर भिंतीवरून थोरल्यांचं डोकं वर आलं. बहुधा विटांवर उभे असावेत. ते गाडीकडे बघत नव्हते. काचेतून, स्टिअरिंगच्या खाली, जिथं धाकट्यांचे गुडघे दिसत होते तिथं बघत होते. आसपास गवंडी होता, मांजरही होतं. पण थोरल्यांनी दोघांनाही मधे घेतलं नाही.

"पाय खाली ठेव," ते म्हणाले.

धाकट्यांनी काच खाली केली. अकरा वर्षांनी आलेल्या तीन शब्दांना काय उत्तर द्यायचं, याचा त्यांनी ब्रेकवरचा पाय न हलवता नीट विचार केला.

"गवंडी," ते म्हणाले, "त्यांना सांग, आधी स्वतःचे बूट पुसा."